खंडेरावांनी मारलेला नाग

मागच्या मार्गशीर्षात आमच्या कॉलनीत एक बातमी दबक्या आवाजात फिरत होती. पाथर्डी फाट्याकडची आमची कॉलनी, इथे दबका आवाज म्हणजे तीन गल्ल्यांना नीट ऐकू जातो तो. बातमी अशी की खंडेराव खैरनारांच्या हातून नाग मेला. पेठ रस्त्याच्या डोंगरात औषधी मुळ्या खणताना कुदळ थेट फण्यावर बसली. घरात सून पोटुशी. दोष नको म्हणून हा माणूस गुपचूप त्र्यंबकेश्वरला गेला, नागबळीचा विधी केला आणि डोकं, मिशी, भुवया सगळं उतरवून आला.

त्र्यंबकला भुवया कोण उतरवतं, असं एकाही शहाण्याने विचारलं नाही. उलट बायका खंडेरावांच्या गुळगुळीत डोक्याकडे बघून हात जोडायच्या, आणि हा मनुष्य डोळे मिटून ते घ्यायचा.

आता हे खंडेराव कोण ते सांगतो, म्हणजे हात जोडावेत की तोंडावर पदर धरून हसावं हे तुमचं तुम्ही ठरवाल.

गाव सटाण्याकडचं, घर कांद्याचं. थोरल्या भावाने शेती धरली आणि यांना अंबडला पाठवलं, कारण शेतात हे बांधावर उभं राहून बाकीच्यांना कसं खुरपायचं ते सांगायचे. अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर. तिथे मात्र काय तो रुबाब. बाहेरून आलेला साधा बोल्टसुद्धा तपासणी होऊन हिरवा कागद लागल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत. लाल कागद लागला की माल गेटबाहेर. एकदा म्हणे मालकाच्या मेव्हण्याने पाठवलेल्या वॉशरची अख्खी गोणी परत केली होती. ही गोष्ट त्यांनी मला तेवीस वेळा सांगितली आहे.

रिटायर झाले आणि तीन महिन्यांत घरचे कंटाळले. मग कुणीतरी मोबाईलवर एक संदेश पाठवला, 'शतावरी: स्त्रियांची सखी'. तो वाचून झाल्यावर खंडेराव जे उठले ते वैद्य होऊनच.

हसू नका. पंधरा दिवसांत त्यांनी ग्रुप काढला, 'निसर्गसखा महिला आरोग्य'. दोनशे चौदा बायका. अॅडमिन एकटे खंडेराव. पाळी लवकर येते, उशिरा येते, अंगावर पांढरं जातं, दूध येत नाही, कंबर धरते, सगळ्याला उत्तर तयार: शतावरी, दुधातून, सकाळी अनशापोटी. हा तोच माणूस बरं का, ज्याने जन्मात घरात 'पाळी' हा शब्द उच्चारला नाही. 'अडचण' म्हणायचा, तेही भिंतीकडे बघून. त्यांच्या बायकोला, मालनबाईंना, चाळिशीनंतर दोन वर्षं रक्त जात होतं, तेव्हा हे पेपर वाचत होते. पिशवी काढायचं ऑपरेशन झालं तेव्हा यांची तक्रार एकच होती, की डब्यात आठ दिवस खानावळीची पोळी आली.

पैशाला हपापलेले असते तर एक वेळ समजलं असतं. चूर्ण हे फुकट द्यायचे. त्यांची हाव वेगळी होती. कुणी 'खैरनार सर' म्हटलं की मिशीचं टोक आपोआप वर जायचं. आणि मिशी म्हणजे जी काही होती ना, तिच्या बळावरच अर्धा ग्रुप जमला होता.

आता शतावरीची यात काही चूक नाही. आपल्याकडे बाळंतिणीला ती द्यायची रीत जुनी आहे. दूध तिच्यामुळे वाढतं की बाळाला वरचेवर पाजल्यामुळे, यावर डॉक्टर अजून हातचं राखून बोलतात. पण पोटात मूल असताना कुठलीही मुळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, एवढं तरी कुणीही सांगेल. खंडेरावांनी कुणाला विचारलं नाही. विचारणं हे त्यांच्या मते शिकाऊ लोकांचं काम.

गंमत पुढेच आहे. बरणीवर लेबल काय? 'स्वहस्ते खणलेली, रानातली'. आणि आत काय? पंचवटीतल्या एका दुकानातून आणलेलं तयार चूर्ण, पिशवी फोडून बरणीत ओतलेलं.

हे पहिल्यांदा पकडलं त्यांच्या सुनेने. स्नेहल तिचं नाव. अंबडलाच एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आलेला माल मोजायचा, तपासायचा, लाल किंवा हिरवं लेबल लावायचं, हेच तिचं काम. खंडेरावांनीच पसंत केली होती, 'आपल्या लायनीतली मुलगी' म्हणून. नवरा हर्षल त्या वेळी तीन महिन्यांसाठी चाकणच्या प्लांटवर, म्हणून घरात ही, सासू, सासरे, आणि पोटात सातवा महिना.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, "सुटं चूर्ण काही घ्यायचं नाही. कोण कशात काय मिसळतं देव जाणे." स्नेहल सासऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणत नव्हती. रोज सकाळी ग्लास घ्यायची, गॅलरीत जायची आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. कढीपत्ता त्या महिन्यात असा फोफावला की मालनबाई शेजारणींना वाटत सुटल्या.

एक दिवस तिला कचऱ्याच्या डब्यात दुकानाची पिशवी सापडली. धुतली, पुसली, चार घड्या घातल्या आणि दुपारच्या जेवणाला सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवली, पापड ठेवावा तशी.

खंडेरावांनी पापडासारखीच ती बघितली. मग म्हणाले, "रविवारी आम्ही खणायला जाणार आहोत."

आयुष्यात हा माणूस एकदाच खरेपणाने वागायला गेला, आणि त्याच वेळी घरात विष घेऊन आला.

दिवस कार्तिकाचे. पाऊस कधीच सरलेला, रानातले वेल वाळून काड्या झालेले. नवरा-बायको स्कूटरवरून पेठ रस्त्याने सावळघाटाकडे गेले. शतावरीचं झाड कसं असतं हे खंडेरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाहिला होता फोटो, ताटात धुऊन ठेवलेल्या मुळांचा. एका वाळक्या वेलाखाली कंद लागला, आतून पांढरा. झालं. पिशवीभर खणून घेतला आणि पिशवी मागे बसलेल्या मालनबाईंच्या मांडीवर.

परतताना रस्त्याच्या कडेला सुमनबाई बसली होती. रानातून येणारं जे जे त्या त्या दिवसांत मिळेल ते विकणारी, डोंगरापलीकडच्या पाड्यावरची. करटुली, आळू, करांदे, सगळं तिच्याकडून. खंडेराव थांबले. का थांबले? कौतुक ऐकायला, दुसरं काय.

"काय दादा, काय खणून आणलं?"

"शतावरी. अस्सल."

सुमनबाईने पिशवीत डोकावलं. मग खंडेरावांकडे बघितलं. "दादा, हात दावा."

खंडेरावांनी दोन्ही पंजे पुढे केले. त्यांना वाटलं कष्टाचं माप घेतेय.

"एक ओरखडा नाय," ती म्हणाली. शतावरीच्या वेलाला काटे असतात. खणणाऱ्याचे हात सोलवटून निघतात. हे तिला माहीत, यांना नाही.

"सफाई लागते त्याला," खंडेराव म्हणाले.

सुमनबाईने हनुवटीने मालनबाईंच्या मांडीकडे खूण केली. "दादा, ही कळलावी हाय. घरात नेऊ नका. पोटुशी बाई असंल तर लांब ठेवा."

इथे जरा थांबा. मालनबाईंना कॉलनीत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नाही. या घरचं त्या घरी, त्या घरचं तिसऱ्या घरी, आणि मग तिघींचं भांडण गॅलरीतून बघायचं, असा त्यांचा नित्यनेम. सगळी कॉलनी त्यांना पाठीमागे 'कळलावी' म्हणते. मीही म्हणतो. मला लोक काय म्हणतात तो विषय वेगळा.

तर मालनबाईंनी ऐकलं ते असं: ही बाई माझ्याकडे बोट करून म्हणते, ही कळलावी आहे, हिला घरात नेऊ नका, पोटुशा सुनेपासून हिला लांब ठेवा.

"तुला कोणी सांगितलं गं?" मालनबाई स्कूटरवरूनच. "त्या शेजारच्या धनराजच्या बायकोने ना? तिच्या पोरीचं लग्न मोडलं ते माझ्यामुळे नाही मोडलं."

"बाई, मी तुमचं नाय..."

"माझ्या सुनेपासून मला लांब ठेवणारी तू कोण? पालक विक तू पालक."

"आवं, पिशवीचं..."

"पिशवीचं ऑपरेशन झालं ते पण सांगितलं तुला?"

खंडेराव किक मारून निघाले. बायकोचा अपमान झाला म्हणून नाही. शतावरीचं कौतुक न करताच बाई दुसऱ्या विषयाला लागली म्हणून.

कंद घरी आला, किसला, गच्चीवर वाळला, मिक्सरमधून निघाला. दहा दिवस मालनबाई घरोघर सांगत फिरल्या की रानातल्या भाजीवालीने मला कळलावी म्हटलं. ऐकणाऱ्या बायका 'अगंबाई' म्हणत आणि आत जाऊन हसत. पण सांगताना मालनबाई एक तुकडा गाळायच्या. 'पोटुशीपासून लांब ठेवा' हे वाक्य त्या कुणाला सांगत नव्हत्या. सुनेपासून सासूला लांब ठेवा, हे कोण स्वतःच्या तोंडाने सांगेल?

पुढच्या रविवारी सकाळी व्हिडिओ. ग्रुपवर टाकायचा होता: खैरनार सर स्वतः खणलेली शतावरी स्वतःच्या गरोदर सुनेला देतात. तो व्हिडिओ मी पाहिलाय. मालनबाईंनीच दाखवला, कुणाला सांगू नका म्हणून.

टेबलावर दोन ग्लास. खंडेराव इस्त्रीच्या सदऱ्यात, मिशीला तेल. समोर स्नेहल, पोटावर हात. मोबाईल धरलाय मालनबाईंनी, त्यामुळे चित्र हलतंय. कढीपत्त्याची कुंडी आठ पावलांवर, पण कॅमेऱ्यासमोर कढीपत्त्याला दूध कसं पाजणार?

"स्वतःच्या ग्लासात किती घातलं?" स्नेहल विचारते.

"अर्धा चमचा. मला काय गरज? तुझ्यात दोन. तुम्ही दोघं आहात."

"पप्पा, नवा लॉट आहे हा."

"मग?"

"नवा लॉट आला की पहिला नग कोणी तपासायचा? आधी पहिला नग पास, मग लाईन चालू. तुम्हीच सांगता ना."

खंडेराव कॅमेऱ्याकडे बघून हसतात. "बघा भगिनींनो, आमची सूनबाई. घ्या, पहिला नग." आणि अख्खा ग्लास एका दमात. मिशी पुसतात. "पास. आता तू."

स्नेहलने ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला.

आणि मोबाईलमागून मालनबाईंचा आवाज, अकराव्यांदा तीच कथा, या वेळी गाळलेल्या तुकड्यासकट. "पी गं, पी. त्या भाजीवालीने दृष्ट लावली या शतावरीला. मला कळलावी म्हणते. वर म्हणे घरात नेऊ नका, पोटुशी बाईपासून लांब ठेवा. मला. माझ्या सुनेपासून."

"मालन, आवाज येतोय त्यात. गप बस."

स्नेहलने ग्लास खाली ठेवला. "आई, एक मिनिट. ती तुमच्याकडे बघून म्हणाली?"

"मग कुणाकडे? मीच होते मागे बसलेली."

"आणि कंदांची पिशवी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? माझ्या मांडीवर."

व्हिडिओत यानंतर स्नेहलची बोटं स्वतःच्या मोबाईलवर चालताना दिसतात, आणि मग ती उठून गच्चीकडे जाते. तिथे दोन कंद न किसलेले उरले होते. शतावरीच्या बुडाशी बोटाएवढ्या मुळांचा घोस असतो, केळ्यांच्या फणीसारखा. हा कंद दोन फाट्यांचा, नांगराच्या फाळासारखा. मोबाईलमधलं चित्र आणि हातातला कंद, मापाला माप. नाव: कळलावी.

"पप्पा, दवाखान्यात चला. आत्ता."

"मोबाईलवर काहीही असतं," म्हणाले खंडेराव, ज्यांची सगळी वैद्यकी मोबाईलवरची.

तासभर वाद घातला. मग घशात आग सुरू झाली. "शुद्धी होतेय," म्हणाले. दुपारी जेवणाच्या वेळेला उलट्या, जुलाब, पाय थरथरतात, तरी बाथरूमच्या दारातून, "पित्त आहे, पित्त." मालनबाईंना तेव्हा माहेरची अहिराणी आठवली: "तुमनं डोकं ठिकानावर शे का?" रिक्षा स्नेहलनेच बोलावली. सोबत दोन्ही कंद आणि चूर्णाची बरणी घेतली. बरणीला तिने पर्समधलं लाल लेबल लावलं होतं, तारीख, वेळ आणि एक शब्द: नाकारले.

डॉक्टरांनी कंद हातात घेतला तेव्हाच त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, याला उतारा नाही. काय खाल्लंय हे नेमकं कळलं म्हणून आशा तरी आहे. आणि स्नेहलकडे बघून विचारलं, "तुम्ही घेतलं नाही ना?" ती नाही म्हणाली. डॉक्टर दोनदा विचारून मगच पुढे गेले.

नऊ दिवस खाट. वाचले. याच दवाखान्यात नागाचा जन्म झाला. तिथल्या एका नर्सच्या माहेरी कळलावीला खड्यानाग म्हणतात. शेजारचे धनराज शहाळं घेऊन भेटायला गेले, आणि तिने दुसरीला विचारलेलं त्यांच्या कानावर पडलं: "ते खड्यानागवाले आजोबा कुठल्या खाटेवर?" धनराजच्या कानात 'खड्या' शिरलाच नाही. बाराव्या दिवशी घरी कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. पंधराव्या दिवशी डोकं साफ, मिशी साफ, भुवयासुद्धा. या विषाची ती खूण आहे. मग धनराजने नाग आणि टक्कल यांची बेरीज केली, आणि आपल्याकडे अशा बेरजेचं उत्तर त्र्यंबकच येतं.

खंडेराव एकदाही 'नाही' म्हणाले नाहीत. आधी गप्प राहिले. मग म्हणायला लागले, "जाऊ द्या, तो विषय नको." मग नागाची लांबी सांगायला लागले. पौषापर्यंत तो सहा फूट झाला होता. मूळ ओळखता न आलेला माणूस होण्यापेक्षा नाग मारलेला माणूस होणं त्यांना बरं वाटलं. आणि घरात काय म्हणत? "त्या भाजीवालीने स्पष्ट बोलायला पाहिजे होतं."

स्नेहल मालनबाईंना घेऊन सुमनबाईकडे गेली. मालनबाईंनी माफी मागितली नाही, भाजीच्या चार जुड्या घेतल्या. त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ.

"माझी आत्या सुईण व्हती," सुमनबाई म्हणाली. "कळा अडल्या की कंद उगाळून बेंबीवर लावायची, मूल झालं का लगेच पुसून काढायची. कळ लावती म्हणून कळलावी. पण तोंडात? तोंडात कुणी नाय घेत. माझ्या आत्यानं तर हात धुतल्याबिगर भाकरीला हात नाय लावला. आता आमच्या पाड्यावर पण कुणी लावत नाय. बाई अडली का गाडी बोलवतात." आणि मालनबाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही भांडल्या नसत्या तर तवाच सांगितलं असतं."

"भांडले नसते तर लक्षात कसं राहिलं असतं?" म्हणाल्या मालनबाई.

घरी येऊन स्नेहल सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, लोकांना नाग सांगा, वाघ सांगा. ग्रुप बंद असेल तोवर मी काही बोलणार नाही."

ग्रुप बंद झाला. माघात तिला मुलगी झाली, सुखरूप, अंगाने भरलेली. बारशाला खंडेराव टोपी घालून बसले होते, आणि कॉलनीतल्या चारपाच बायका पाळण्यापेक्षा त्यांच्याकडेच वाकत होत्या. "सर, आता तर तुमच्या हाताला गुण आला असेल." स्नेहलने शोकेसमध्ये लाल लेबलाची बरणी ठेवली होती, खंडेरावांच्या बरोबर डोक्यामागे. ते दिवसभर मागे वळले नाहीत.

फाल्गुनात केस परत आले. चैत्रात मिशी आली. तिच्याबरोबर काहीतरी शहाणपण येईल अशी माझी भाबडी समजूत होती. गेल्या आठवड्यात माझ्या सुनेच्या मोबाईलवर निमंत्रण आलं: 'वनसखी मातृत्व परिवार'. अॅडमिन, खैरनार सर. खाली ओळख दिली आहे, 'सर्पदोषनिवारणानंतर विशेष अनुभव'. मी पाहिलं तेव्हा एकशे सत्त्याण्णव बायका होत्या, त्यातल्या तिघी पोटुशा, मला माहीत असलेल्या. स्नेहल कामावर परत गेली आहे, तिला अजून कळलेलं नाही. मालनबाईंनी मला शपथ घातली होती, पण त्यांची शपथ आणि माझी जीभ दोन्ही कॉलनीला ओळखीच्या आहेत.

खंडेराव खैरनारांनी नाग मारला नाही. ते त्र्यंबकेश्वरला गेले नाहीत आणि त्यांनी मुंडण केलं नाही. त्यांनी शतावरी समजून कळलावीचा कंद खणला, अर्धा चमचा स्वतः खाल्ला, त्याने केस गळाले. उरलेले दोन चमचे सुनेच्या ग्लासात होते.